देव बदलला, चाल राहिली

श्रद्धेवर लिहायचे म्हटले की आपल्याकडे ग्रंथ, पंथ आणि तत्त्वज्ञान यांची उजळणी होते आणि लेख संपतो. माझा धोशा जुनाच आहे: श्रद्धा आधी कानावर पडते, डोक्यात नंतर शिरते. काही अभ्यासक तिला निव्वळ विचारपूर्वक घेतलेला निर्णय मानतात. त्यांनी घरातली पहाट कधी ऐकली आहे का, असे मला विचारावेसे वाटते.

बाबा पदमनजींपासून पंडिता रमाबाईंपर्यंतच्या धर्मांतरांवर भरपूर लिहून झाले आहे, ते पुन्हा उगाळत नाही. पण नारायण वामन टिळकांपाशी थांबावेच लागते. १८९५मध्ये ते ख्रिस्ती झाले. अभंग आणि कीर्तन मात्र त्यांनी सोडले नाही. तुकोबांवर वाढलेल्या माणसाने ख्रिस्ताला हाक मारली तीही त्याच चालीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९००चा. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचताना दिसते की सोवळ्याचा पगडा आधी सुटत गेला, बाप्तिस्मा पुढे आला. माहेरी अंगवळणी पडलेले सोडणे हेच खरे अवघड काम होते.

कोकणातले ज्यू, बेने इस्रायल, घ्या. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. पुढे त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचली. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, गूळ आणि नारळाचा मलिदा करतात, तो सगळा कोकणी जिन्नस. इस्रायलला गेलेली कुटुंबे तिथेही मलिदा करतात.

आणि आता माझा जिव्हाळ्याचा विषय, जात्यावरची ओवी. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तेवढ्या एका कामासमोर संतवाङ्मयावरचे कितीतरी जाडजूड प्रबंध मला फिके वाटतात. ज्या बाईला अक्षर येत नव्हते तिचा विठ्ठल तिथे भेटतो, कधी भाऊ होऊन, कधी माहेर होऊन. देव बदलला तेव्हाही हीच ओवी कामी आली. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बौद्ध धम्मदीक्षा झाली. येवल्याच्या १९३५च्या धर्मांतराच्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी दोन दशके विचार केला होता. तो विचार झोपडीत पोचवायला आयाबायांनी जुनीच ओवी हाताशी धरली आणि भीमराया जात्यावर आला. काहींना यात जुन्या भक्तीचे अवशेष दिसतात आणि ते नाक मुरडतात. मला ते अजिबात पटत नाही. पुस्तक वाचता न येणाऱ्या घरात धम्म गेला तो या बायांच्या गळ्यातून.

आता पिठाची गिरणी गावोगाव आहे, बाईचे कष्ट वाचले, ते उत्तमच झाले. पण नातवाच्या कानावर आजीचा आवाज पडत नाही, लाउडस्पीकरवरची आरती पडते, सगळीकडे एकच, एकाच ठेक्यात. विद्यापीठांचे मराठी विभाग अजूनही छापील पोथ्यांतच रमलेले आहेत. ओवी येणाऱ्या बाया आता थकल्या आहेत. विद्यार्थ्यांना याच हिवाळ्यात त्यांच्या ओसरीवर पाठवा.