कासवमित्राचा दिवस

पहाटे ४.३०
मार्च निम्मा सरला की कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला कासवाच्या माद्या येणं कमी होतं, पण एखादी उशिरा येणारी असतेच. म्हणून फेरी चुकवून चालत नाही. भरतीच्या रेषेच्या कडेने चालायचं. बॅटरीच्या काचेला लाल कागद लावलेला, आणि तीही लागेल तेवढीच पेटवायची. वर चढणाऱ्या मादीला पांढरा उजेड दिसला तर ती अंडी न घालताच मागे वळू शकते. आम्ही शोधतो तिचा माग: समुद्रातून वर आलेला एक, परत गेलेला दुसरा, आणि दोन्हींच्या मध्ये उसकटलेली वाळू. तिथे काठी हळूच टेकवून बघायची. वाळू भुसभुशीत असेल तिथे काठी आपसूक आत जाते. मग काठी बाजूला ठेवून हाताने उकरायचं. आज माग मिळाला, आणि त्याच्या शेजारी कोल्ह्याची पावलंही. घरटं मात्र शाबूत होतं.

पहाटे ५.३०
घरटं आतून मडक्यासारखं असतं: तोंड अरुंद, पोट रुंद, खोली दीड फुटाच्या आसपास. ऑलिव्ह रिडले मादी ते मागच्या पायांनी खणते आणि त्यात साधारण शंभर ते दीडशे अंडी घालते. ती हलवायची तर पहिल्या काही तासांतच. त्यानंतर गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं उलटंपालटं झालं तर तो दगावू शकतो. मन घाई करत असतं, तरी हात सावकाशच चालवावे लागतात. हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करायचा, अंडी ठेवायची, वाळू लोटायची आणि तारखेची पाटी रोवायची.

खरं तर आईने निवडलेल्या जागीच अंडी राहणं सगळ्यात चांगलं. ती जागा आम्हाला बदलावी लागते, कारण किनाऱ्यावर कुत्री फिरतात. ती कुत्री आमच्याच उष्ट्या-खरकट्यावर पोसलेली आहेत. वाळू उपसली जाते, सुरूची लागवड पुळणीपर्यंत सरकते, किनाऱ्यावर गाड्या घातल्या जातात. हॅचरीचं जाळीचं कुंपण माणसाने केलेल्या नुकसानीची भरपाई आहे. ते बघून अभिमान वाटतो, पण ते कायमचं लागू नये असंही वाटतं.

सकाळी ७.००
अंडी घातल्यापासून ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. मुदत भरत आलेल्या घरट्यांवर आम्ही टोपल्या पालथ्या घालून ठेवतो. आज एका टोपलीखाली वाळू हलत होती.

दोरीच्या पलीकडे पुण्या-मुंबईची माणसं उभी. नियम थोडे आहेत: दोरी ओलांडायची नाही, फ्लॅश नाही, पिल्लांना हात नाही. ‘दादा, एक हातात द्या ना, फोटोपुरतं,’ असं कुणीतरी म्हणतंच. दुसरा प्रश्न ठरलेला: सरळ पाण्यातच का सोडत नाही? उत्तर असं, की या वाळूवरून स्वतः चालत जाताना पिल्लाच्या मनात किनारा ठसतो, असं मानलं जातं. मोठी झालेली मादी पुष्कळदा आपल्या जन्माच्या टापूतच अंडी घालायला येते. म्हणून ती काही पावलं आपण हिरावून घ्यायची नाहीत.

पहिली लाट पिल्लाला उताणं करून मागे टाकते. ते सरळ होतं, पुन्हा निघतं. बघणाऱ्यांच्या तोंडून ‘जा, जा’ निघतं. एक माणूस फक्त आकाशाकडे नजर ठेवून असतो, कावळे आणि घारी यायच्या आत त्यांना हुसकायला. हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं, असा अंदाज सांगितला जातो. तो आकडा मी आधी सांगत नाही. पिल्लं पाण्यात गेली की सांगतो. तेव्हा तो लोकांना नीट ऐकू येतो.

सकाळी ९.००
किनारा साफ करायचा. चपला, थर्माकोल, औषधांच्या बाटल्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुटलेल्या नायलॉन जाळ्यांची भेंडोळी. कासवाला श्वासाला वर यावं लागतं. जाळ्यात अडकलेलं कासव पाण्यातच गुदमरतं. पावसाळ्यात पाय कापलेली, जाळं मानेत रुतलेली कासवं कोकणच्या किनाऱ्यावर लागतात. डहाणूला अशा जखमी कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. मासेमाराने जाळं कापून कासव सोडलं, तर २०१८ पासून राज्य सरकारकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. ही गोष्ट बंदरावर जाऊन पुनःपुन्हा सांगावी लागते, कारण जाळं ही त्या माणसाची रोजीरोटी असते.

सकाळी ११.००
वाळूचं तापमान नोंदवायचं. कासवाच्या पिल्लाचं लिंग वाळूची ऊब ठरवते. साधारण ३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त, आणि वाळू फारच तापली तर अंडी आतच वाया जातात. म्हणून हॅचरीवर सावलीचं कापड आहे. कारखान्यांचा आणि गाड्यांचा धूर हवा तापवतो, ते इथे वहीतल्या आकड्यांत उतरतं.

दुपारी १.००
जेवण: तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. पंगतीत पाहुणे जुन्या दिवसांबद्दल विचारतात. लपवण्यासारखं काही नाही. पूर्वी इथे अंडी काढली जायची, खाल्ली जायची, विकली जायची. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ची माणसं समुद्री गरुडाची पाहणी करायला आली आणि त्यांना वेळासला अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले कायद्याने वाघाइतकीच संरक्षित. तरी नुसत्या कायद्याने किनारा बदलला नाही. गावाला कामात घेतलं, कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुण्यांची सोय झाली. आता अंड्यातलं पिल्लू समुद्रात गेलं की गावात चार पैसे येतात आणि मानही येतो.

जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. ओडिशात २०२१ साली खूण लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. हे ऐकल्यावर पाहुणे समुद्राकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

संध्याकाळी ५.४५
गर्दी सकाळपेक्षा जास्त, आणि टोपल्यांखाली काही नाही. एक गृहस्थ रात्रभर गाडी चालवून आले होते. ‘आम्ही एवढ्या लांबून आलोय, काहीतरी दाखवा!’ त्यांचा राग मला समजतो. आपल्याला सगळं मागितलं की मिळायची सवय झाली आहे. पण घरटं उकरून पिल्लं काढणं मला कधीच जमणार नाही.

मी त्यांच्या मुलीला ओहोटीच्या ओल्या वाळूवर नेलं. खेकड्यांनी बिळाभोवती टाकलेल्या वाळूच्या गोळ्या दाखवल्या, बसून राहायला सांगितलं. हललो की खेकडे आत, थांबलो की बाहेर. ती पुष्कळ वेळ बसली, आणि वडीलही शेजारी येऊन बसले. प्राण्याला आपलं असणं जाणवतं आणि तो त्याप्रमाणे वागणं बदलतो, हे पडद्यावर कळत नाही. तिथे आपण कुणालाच त्रास देत नसतो. इथे पाय हलवला की परिणाम समोर दिसतो. म्हणून लोकांनी इथे यावं असं मला मनापासून वाटतं, आणि आल्यावर थोडं थांबावं असंही.

रात्री ९.३०
किनाऱ्याच्या वाटेवर एका काकूंनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. त्यांच्या मुलाने अंगणात नवा पांढरा दिवा लावला. रात्रीच्या समुद्रावर आकाशाचा उजेड असतो आणि पिल्लं त्या उजेडाकडे जातात. जमिनीवरचा दिवा जास्त लखलखीत असला, तर ती उलटी वळतात आणि सुरूच्या बनात मरतात. हे मी काकूंना दोनदा सांगून पाहिलं. ‘अरे, पाहुणे अंधारात धडपडतात,’ त्या म्हणाल्या. त्यांचंही खरंच होतं.

आज त्यांना हॅचरीपाशी घेऊन आलो आणि वाळूवर खाली बसायला सांगितलं, पिल्लाच्या उंचीवर. समोर समुद्र काळपट, आणि मागे त्यांच्याच अंगणातला झगझगीत दिवा. ‘अगोबाई, इथून तर दुसरं काही दिसतच नाही!’ काकू स्वतःच म्हणाल्या.

उद्या मुलाकडून दिवा खाली घ्यायचा, पिवळा लावायचा आणि किनाऱ्याच्या बाजूने पत्र्याचा आडोसा करायचा, असं त्यांनीच ठरवलं. पाहुण्यांना बॅटऱ्या देऊ, म्हणाल्या, लाल कागद लावून. कागद मी सकाळच्या फेरीनंतर त्यांच्याकडे पोचवणार आहे.