डिस्क कुठवर पोचली?

माळ्यावरून पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा लॅपटॉप खाली काढावा, धूळ झटकावी, लिनक्सची लाइव्ह डिस्क आत सरकवावी आणि पडदा काळाच्या काळा राहावा. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, ‘गेला तो, भंगारात देऊन टाक.’ या वाक्याचं मला वाईट वाटतं. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो, अडलेला असतो. कुठे अडलाय हेही तो जमेल तसं सांगत असतो.

लाइव्ह डिस्क म्हणजे हार्ड डिस्कला हात न लावता सीडीवरूनच अख्खी प्रणाली चालवण्याची सोय. क्लाउस क्नॉपर यांच्या, २००० साली आलेल्या क्नॉपिक्सनं ती अनेकांपर्यंत नेली. डिस्क घातल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत काम हातोहात पुढे जातं: आधी बायोस, मग डिस्कवरचा छोटा बूटलोडर, मग कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि शेवटी डिस्कवर दाबून बसवलेल्या फाइली. ही साखळी कुठल्या कडीशी तुटली, एवढंच आपल्याला शोधायचं असतं.

डिस्कचा मेनूच दिसला नाही आणि थेट जुनी विंडोज सुरू झाली, तर लिनक्सपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. बायोसमध्ये सीडी ड्राइव्हचा क्रम हार्ड डिस्कच्या आधी आहे का, ते बघा. हा क्रम आणि घड्याळ दर वेळी विसरलं जात असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल. क्रम ठीक असेल तर तीच डिस्क दुसऱ्या संगणकात उघडा. आत आयएसओ नावाची एकच मोठी फाइल दिसली, तर ती डिस्कवर नुसती कॉपी झाली आहे. ‘इमेज’ म्हणून बर्न करायची राहिली. आणखी एक गोष्ट सहज निसटते. सीडीवर ७०० एमबी मावतात. उबुंटूची इमेज २०१२ च्या १२.१० आवृत्तीपासून त्यात मावेनाशी झाली. तिच्यासाठी डीव्हीडी लागते, आणि फक्त सीडी वाचणाऱ्या ड्राइव्हला डीव्हीडी वाचता येत नाही.

मेनू दिसला आणि पुढे कर्नल अडला, तर मात्र पडद्यावरची ओळ शब्दन् शब्द वाचायला हवी. एक्स८६-६४ प्रोसेसर हवा, इथे आय६८६ सापडला, असं ती म्हणत असेल तर डिस्क ६४ बिटची आहे आणि यंत्र ३२ बिटचं. इथे दोष कुणाचाच नाही. उबुंटूनं ३२ बिटची डेस्कटॉप इमेज २०१७ च्या १७.१० पासून थांबवली. डेबियननंही २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटच्या पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर ठेवला नाही. अशा यंत्राला अँटिएक्सची ३२ बिटची लाइव्ह डिस्क किंवा डेबियन १२ चा ३२ बिटचा इन्स्टॉलर द्यावा.

ओळीत ‘पीएई’ हा शब्द आला, तर गोष्ट फारच रंजक आहे. ३२ बिटच्या प्रोसेसरला ४ जीबीपलीकडची रॅम हाताळू देणारी ही सोय १९९५ च्या पेंटियम प्रोपासून आहे. पण २००३ मध्ये आलेल्या पहिल्या पेंटियम एम प्रोसेसरांमध्ये सोय असूनही ती जाहीर केलेली नव्हती. कर्नल विचारतो, ‘पीएई आहे?’ प्रोसेसरच्या यादीत तिचं नावच नसतं. कर्नल त्या यादीवर विश्वास ठेवून थांबतो. किती चांगले लॅपटॉप एवढ्याशा गैरसमजापायी अडगळीत गेले असतील! यावर उपाय म्हणून उबुंटू १४.०४ मध्ये ‘फोर्सपीएई’ हा पर्याय आला. मेनूत टॅब किंवा एफ-६ दाबलं की आज्ञेची ओळ उघडते. तिच्या शेवटी हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायचा. कर्नल मग यादी बाजूला ठेवून पुढे जातो.

कर्नलच्या ओळी भराभर सरकल्या आणि मग पडदा काळा झाला, तर बहुधा ग्राफिक्सचं जमत नाहीये. मेनूतल्या त्याच आज्ञेच्या ओळीत ‘नोमोडसेट’ लिहून पाहा. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. ‘स्क्वॉशएफएस’च्या, म्हणजे त्या दाबून बसवलेल्या फाइलींच्या, चुका एकामागून एक येऊ लागल्या, तर डिस्क नीट वाचली जात नाहीये. उतरवलेल्या फाइलचा चेकसम संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा, नवी डिस्क कमी वेगानं बर्न करा आणि ड्राइव्हची लेन्स हलक्या हातानं पुसा. तरीही चुका वेगवेगळ्या जागी येत राहिल्या, तर रॅम काढून, पट्टीचे संपर्क पुसून पुन्हा बसवा आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालू द्या.

आणि काहीच चूक दिसत नसेल तर थांबा. रॅम ५१२ एमबी, ड्राइव्ह म्हातारा, आणि प्रत्येक फाइल डिस्कवरून वाचून उलगडायची. डेस्कटॉप यायला पाच-सात मिनिटं सहज जातात. ड्राइव्हवरचा छोटा दिवा लुकलुकत असेल, तोवर पॉवरच्या बटणाला हात लावू नका.