दळण शेवटी: वनौषधींच्या कोठाराचं शास्त्र

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या कातकरी तरुणांनी रानातली गुळवेल औषध कंपन्यांना पुरवण्याचा उद्योग उभा केला. २०२० मध्ये करोना आला आणि गुळवेलीची मागणी एकदम वाढली. पण साथ ओसरली की असा उठाव टिकत नाही. माल मात्र हंगामात तोडून, वाळवून आधीच ठेवावा लागतो. मग किती ठेवायचा आणि कोणत्या रूपात?

औषधाचं कोणतं रूप किती टिकतं, याचा हिशेब शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथानं सुमारे ७०० वर्षांपूर्वी मांडला. चूर्णाचं वीर्य, म्हणजे औषधी जोर, २ महिन्यांनी उणावतो, गोळ्या आणि अवलेहांचं वर्षानंतर. आंबवून केलेली आसवं मात्र जुनी होतील तशी गुणकारी. आजच्या नियमांत चूर्णाला २ वर्षं आणि आसव-अरिष्टांना १० वर्षं मुदत आहे. आकडे बदलले, तरी चूर्ण लवकर उतरतं हे कायम आहे. दळलं की कणाकणाला हवा आणि ओल लागते, सुगंधी तेलं उडून जातात. म्हणून जाणता कोठारवाला अख्खा माल कोरडा राखतो, पोती फळ्यांवर रचतो, आधी आलेला माल आधी काढतो आणि मागणी येईल तसं थोडं थोडं दळतो.

गुळवेलीचं बोटभर जाडीचं कांड तुकडे करून वाळवतात. वाळलेला तुकडा कट्‌कन मोडला पाहिजे. नुसता वाकला, तर आत ओल आहे आणि पावसाळ्यात त्या पोत्याला बुरशी धरणार. मोडलेल्या तोंडावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. अस्सल मालाची ती एक खूण.

गुळवेल, अडुळसा, शतावरी या वनस्पती ओल्याच वापराव्यात, असंही शार्ङ्गधर सांगतो. गुळवेलीच्या बाबतीत ते सहज जमतं. कांडाचा तुकडा लावला तरी फुटतो, आणि बुडखा राखून वरचं तोडलं तर वेल पुन्हा वाढते. कुंपणावरची जिवंत वेल हा तिचा सगळ्यात टिकाऊ साठा. सर्पगंधेचं तसं नाही. तिचं मूळच औषधी, त्यामुळे काढणीत झाडच जातं. असं मूळ गोदामात सडलं, तर पैशांबरोबर रानही बुडतं.

म्हणून औषधशाळांनी हंगामाआधीच गोळा करणाऱ्यांशी मालाचं प्रमाण आणि भाव ठरवावा, मुळांची औषधं लागवडीतूनच घ्यावीत. आणि आपण चूर्ण घेताना पुडीवरची तारीख पाहावी, महिनाभर पुरेल एवढंच घ्यावं.