मूल हे तारण नव्हे

व्यापारी घराला तारणाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रक्कम घेतली, दागिना ठेवला; रक्कम फेडली, दागिना परत आला; खाते मिटले. या अवधीत दागिन्याला काही सोसावे लागत नाही. तिजोरीत तो जसा ठेवला तसाच निघतो. परंतु एखाद्या घरात पती-पत्नीचे बिनसते, सून माहेरी निघते आणि "जायचे तर खुशाल जा, मुलगा इथेच राहील" असे तिला सुनावले जाते, तेव्हा एका अजाण जिवाला तारण ठेवले जाते. कधी बाजू उलट असते. सून मुलाला घेऊन माहेरी येते आणि "आधी आमच्या अटी मान्य करा, मग नातवाचे तोंड पाहा" असा निरोप तिच्या घरून सासरी जातो. दोन्ही वेळा हिशेब मोठ्यांचा असतो. व्याज मात्र मूल भरते.

पेण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या रायगडच्या पट्ट्यात आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. कित्येक ठिकाणी आजही खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना आहे. सुना मुंबई-ठाण्याहून येतात, लेकी तिकडे जातात. बाजारपेठेत अब्रू हेच भांडवल असल्यामुळे माडीवरचा आवाज दुकानापर्यंत येऊ नये याची सारे घर काळजी घेते. पाणी गाळून पिणाऱ्या आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात स्त्रीवर हात उगारला जातो, ही कल्पनाच आपल्याला सहन होत नाही. म्हणून ते पाहूनही न पाहिल्यासारखे केले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रातील प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. आपली घरे या गणतीबाहेर आहेत असे मानण्यास काहीही आधार नाही.

हिंसा म्हणजे केवळ मारहाण, हा समज कायद्याने केव्हाच दूर केला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात शारीरिक व लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसेत मोडतो. माहेरच्या परिस्थितीवरून रोज टोमणे मारणे, घरखर्चाला पैसे न देणे, तिचे स्त्रीधन परस्पर विकणे, तिला घराबाहेर काढणे, ही सारी हिंसाच आहे. "आमच्याकडे कोणी हात लावत नाही" एवढ्या उत्तराने आता सुटका होत नाही.

असे प्रकरण घराबाहेर पडले की आपल्या भागात पहिला प्रश्न उभा राहतो तो समुद्राचा. अलिबागच्या घरातली सून मुलाला कडेवर घेऊन मांडव्याला येते आणि बोटीने मुंबईला माहेरी पोहोचते, असे समजू. तिने दाद कोठे मागायची? कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानुसार ती कायम किंवा तात्पुरती जेथे राहते, तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तिला अर्ज करता येतो. म्हणजे माहेरच्या भागातील न्यायालयही तिला खुले असते. अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात विलंब होतोच. म्हणूनच प्रकरण निकडीचे असेल तर शपथपत्रावरून एकतर्फी अंतरिम आदेश देण्याचा अधिकारही न्यायदंडाधिकाऱ्यांना दिलेला आहे. याच अर्जात ती मुलाचा तात्पुरता ताबा मागू शकते. पित्याच्या भेटीने मुलाला अपाय होईल असे न्यायालयाला वाटले तर भेट नाकारलीही जाऊ शकते.

मुलाच्या कायमच्या ताब्याचा किंवा पालकत्वाचा दावा मात्र वेगळ्या वाटेने जातो. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम सांगतो की, अज्ञान मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात असा दावा चालतो. मूल जन्मापासून अलिबागला वाढले असेल तर पिता अलिबागच्या जिल्हा न्यायालयाकडे बोट दाखवतो. माता मुंबईच्या कुटुंब न्यायालयाकडे. एकाच मुलासाठी समुद्राच्या दोन्ही काठांवर तारखा पडू लागतात. कित्येकदा मुलाला घाईघाईने दुसऱ्या गावच्या शाळेत घालणे किंवा शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवणे यामागे हीच धडपड असते. या खेळात मुलाचे वर्ष वाया जाते, हे कोणाच्याही वकीलपत्रात लिहिलेले नसते.

आपल्याला कोणता कायदा लागू, असा प्रश्न काही घरांत विचारला जातो. हिंदू विवाह अधिनियम (१९५५) आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम (१९५६) हे दोन्ही जैनांनाही लागू आहेत आणि तसे त्यांत स्पष्ट लिहिलेले आहे. २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जा मिळाला, त्यामुळे यात बदल झालेला नाही. २०२५ च्या आरंभी इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने याच मुद्द्यावर एका जैन दांपत्याचा अर्ज फेटाळला होता. त्याच वर्षी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

१९५६ च्या अधिनियमात दोन गोष्टी आहेत आणि आपली घरे बहुधा पहिलीच लक्षात ठेवतात. पहिली अशी की, अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता आणि त्याच्यानंतर माता. "मूल आमच्या घराण्याचे" या वाक्याला बळ मिळते ते येथून. परंतु त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा. आणि तेरावे कलम सांगते की, पालक नेमताना मुलाचे हित हाच सर्वोच्च विचार राहील.

"पित्यानंतर माता" या शब्दांचा अर्थ लावण्याची वेळ सर्वोच्च न्यायालयावर एका गुंतवणुकीमुळे आली, ही गोष्ट व्यापारी वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९८४ साली लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे नऊ टक्के व्याजाचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला. पालक म्हणून सही मातेची असावी, हे पती-पत्नीने मिळून ठरवले होते. बँकेने अर्ज परत केला आणि पित्याची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, "नंतर" याचा अर्थ केवळ "मृत्यूनंतर" असा घ्यायचा नाही. पिता जिवंत असूनही मुलाची जबाबदारी घेत नसेल, किंवा माता-पित्यांनी तसे ठरवले असेल, तर माताही नैसर्गिक पालक ठरते. त्याआधी महाराष्ट्रातूनच गेलेल्या जिजाबाई गजरे यांच्या प्रकरणात न्यायालयाने अशीच भूमिका घेतली होती. पती अनेक वर्षे वेगळा राहत होता आणि मुलीचा व तिच्या जमिनीचा सारा कारभार माताच पाहत होती. तिलाच पालक मानले गेले.

२०१५ साली शेजारच्या गोव्यातील एका दांपत्याच्या वादात प्रश्न ताब्याचा होता. मूल अगदी लहान होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पाच वर्षांखालील मुलाचा ताबा मातेकडे असणे हीच सामान्य रीत आहे. माता अपात्र आहे असे पित्याचे म्हणणे असेल तर ते सिद्ध करण्याचा भार पित्यावर आहे.

यावरून न्यायालय नेहमी स्त्रीच्याच बाजूने असते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात मुलीची आई आजाराने निवर्तली होती आणि बाळाला मावशीच्या घरी जिव्हाळ्याने वाढवले जात होते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ताबा पित्याला देणेच योग्य ठरवले आणि मुलीला सांभाळणाऱ्या नातलगांनाही तिला भेटू दिले. मावशीच्या मायेत उणीव होती असे कोणी म्हटले नाही. न्यायालयापुढचा प्रश्न "मूल कोणाचे?" असा नव्हता, "मुलाचे हित कोठे?" असा होता. आपल्या बैठकींत मात्र पहिलाच प्रश्न विचारला जातो आणि दुसऱ्यापर्यंत कोणी पोहोचत नाही.

एकत्र कुटुंबात आणखी एक गाठ असते, ती घराची. घर सासऱ्यांच्या नावावर, दुकान भागीदारीत, पतीच्या नावे काहीच नाही. अशा वेळी "हे घर तुझ्या नवऱ्याचे नाही" असे सांगून सुनेला बाहेर काढणे पूर्वी सोपे होते. १५ ऑक्टोबर २०२० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने यात मोठा बदल केला. विवाहानंतर स्त्री ज्या घरात नांदली ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते आणि तेथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. वृद्ध सासू-सासऱ्यांचे म्हणणेही न्यायालय ऐकते आणि पर्यायी निवाऱ्याची सोय लावता येते. परंतु आईचे छप्पर काढून मुलाचा ताबा आपोआप मिळवण्याचा मार्ग आता तितका मोकळा राहिलेला नाही.

समाजातील ज्येष्ठांची जबाबदारी येथे सुरू होते. दोन घरांत वाद झाला की चार प्रतिष्ठित मंडळी बसतात, समजूत घालतात आणि बहुतेकदा सुनेला "मुलाकडे पाहून सहन कर" असा सल्ला देतात. ज्या मुलाकडे पाहून सहन करायचे, ते मूल दाराआडून सारे पाहत असते. बापाचा आवाज चढला की जेवणाच्या ताटावरून उठणारे, रात्री दचकून जागे होणारे, शाळेत अचानक गप्प झालेले किंवा धाकट्या भावंडाला मारू लागलेले मूल त्या सहनशीलतेची किंमत मोजत असते. समजूत जरूर घालावी. पण ज्या घरात मारहाण होत आहे तेथे आधी माता आणि मूल सुरक्षित ठिकाणी पोहोचतील हे पाहावे, समेटाची बोलणी त्यानंतर. मुलाचा जन्मदाखला, आधार, लसीकरणाची वही आणि शाळेचे कागद कोणत्याही बाजूने अडवू नयेत. स्त्रीधनाची यादी लिहून तिच्या हाती द्यावी.

भेटीचे वेळापत्रक ठरवताना आपल्या भागाचा विचारही करावा. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. वडखळमार्गे रस्त्याने जायचे तर चिमुरड्याचा अर्धा दिवस गाडीत जातो. दर रविवारी मुलाला इकडून तिकडे नेण्यापेक्षा पित्याने वा आजी-आजोबांनी त्याच्याकडे जावे, हे अधिक शहाणपणाचे. हिंसेचा धोका नसेल तेथे आजोबांच्या मांडीवर बसण्याचा मुलाचा हक्क मोठ्यांच्या रागापायी हिरावून घेऊ नये.

शेजारी, नातलग, दुकानातील मुनीमजी यांनाही कायद्याने एक वाट ठेवली आहे. घरात हिंसा होत असल्याचे वाटण्यास सबळ कारण असेल तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तेथे स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. सधन घरातील, पण हाती एक रुपयाही नसलेल्या सुनेसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. संरक्षण आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हेही घरातील पुरुषांनी ध्यानात ठेवावे.

मूल स्वतःचे मत बनवण्याइतके मोठे असेल तर न्यायालय त्याची इच्छाही विचारात घेते. पुष्कळदा न्यायाधीश त्याला आपल्या दालनात बोलावून, माता-पिता आणि वकील यांना दूर ठेवून, त्याच्याशी बोलतात. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर, आई हवी की बाबा हे सांगण्याची पाळी त्या जिवावर येते. ती येऊ नये यासाठी जे करायचे ते घरातच, वेळेवर आणि धैर्याने करावे लागते. आणि उगारलेला हात आधी थांबवल्यावाचून त्याचा आरंभ होत नाही.