नावावर जाऊ नका, पट्ट्या मोजा

झाकण मिटलेले असले की हा पियानो चक्क जेवणाच्या टेबलासारखा दिसतो. जर्मन लोकांनी नावही तसेच ठेवले: टाफेलक्लाविअर, म्हणजे मेज-पियानो. इंग्रजांनी त्याला 'स्क्वेअर' म्हटले, पण तो चौरस नसतो, लांबट आयताकृती असतो. ग्रँड पियानोत तारा वादकापासून दूर जातात, इथे समोरून आडव्या. त्यामुळे तो भिंतीलगत मावे आणि साध्या घरांतही जाई.

असा जुना पियानो समोर आला की नजर आधी पट्ट्यांवरच्या नामफलकाकडे जाते. फसगत तिथेच होते. अनेक जर्मन वाद्यांवर नावच नसते. असले तर ते विक्रेत्याचेही असू शकते. न्यूरेंबर्गच्या संग्रहालयातल्या, योहान झ्योशर या कारागिराच्या पियानोवर १७४२ साल आहे, पण जाणकारांना त्या सालाबद्दलही शंका आहे.

म्हणून पट्ट्या मोजायच्या. ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके, हे अठराव्या शतकाचे माप. त्या शतकाच्या अखेरीस ६८ आल्या, पुढे १८१०-२० च्या सुमारास ७३. आकडा अंदाज देतो, निकाल नाही.

मग एक पट्टी अलगद बाहेर काढायची. तिच्या मागच्या टोकावरच छोटी हातोडी बसवलेली असेल आणि हातोडीची चोच मागच्या आडव्या दांडीला अडून उसळत असेल, तर ती जर्मन 'प्रेलमेकानिक'. हातोड्या वेगळ्या दांडीला टांगलेल्या असतील तर रचना इंग्रजी वळणाची. पण तेवढ्यावरून वाद्य इंग्रजी ठरत नाही: उत्तर जर्मनीतले कारागीरही ती वापरत, आणि लंडनमध्ये १७६६ पासून असे पियानो करणारा योहानेस त्सुंपे मूळचा जर्मनच. हातोडीवर कातडे आहे की नमदा, तेही पाहायचे. नमद्याचे पेटंट आंरी पापने पॅरिसमध्ये १८२६ साली घेतले. त्याआधीच्या वाद्यावर नमदा दिसला, तर तो मागाहून चढवलेला.

आता पाय. चारही जमिनीला नीट टेकतात का? तारांचा ताण तिरपा पडतो, आणि जुनी पेटी निव्वळ लाकडाची. दीडदोनशे वर्षांत ती पिळवटते, एक कोपरा वर उचलला जातो. अशा वाद्याच्या खुंट्या पिळून तारा आजच्या स्वराला चढवणे म्हणजे तबली आणि घोडी दोन्ही धोक्यात घालणे.

शेवटी पहिल्या आणि अखेरच्या पट्टीचे लाकूड उजेडात धरायचे. कारागीर कधीकधी तिथे पेन्सिलीने सही आणि साल टाकत. ती सही दुरुस्ती करणाऱ्याचीही असू शकते.