गोडी छाटणी

अंधेरी स्टेशनाबाहेर पडून पश्चिमेस चालू लागलात, की इमारतींच्या गर्दीतून एक काळाकभिन्न कडा डोके वर काढताना दिसतो. गिल्बर्ट हिल त्याचे नाव; उंची सुमारे 61 मीटर, माथ्यावर गावदेवीचे देऊळ. इथून जवळच्याच एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीतून लाव्हा उसळला, त्या उद्रेकांचीच ही खूण. सह्याद्री त्याच काळ्या पत्थराचा, आणि नाशिकच्या द्राक्षमळ्यांखालचा खडकही तोच!

ज्वालामुखी आणि द्राक्षवेल यांची सोयरीक जुनी. सिसिलीतल्या एटना पर्वताच्या उतारांवर, कोठे कोठे हजार मीटर उंचीपर्यंत, ‘नेरेल्लो मास्कालेझे’ जातीची द्राक्षे होतात. त्यांची तांबडी वाइन रंगाने फिकी, पण चालीने खानदानी. आमचे नाशिक सुमारे 600 मीटरवर. एटना अजून धुमसतो, आमचा लाव्हा केव्हाच निवला. पण गार रात्रींची देणगी दोघांनाही आहे. दिवसाच्या उन्हाने द्राक्षांत साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. या तोलालाच जाणकार नजाकत म्हणतात. रंग मात्र सालीचा. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळजवळ बिनरंगी. सालींसकट आंबवला म्हणजे तो लाल होतो.

मी पिणाऱ्यांतला नव्हे. मला झिंग चढते ती शब्दांची. नाशिककडचा शेतकरी वेलीला वर्षातून दोनदा कात्री लावतो. एप्रिलच्या सुमारास ‘खरड छाटणी’, आणि पावसाळा सरता सरता ‘गोडी छाटणी’. छाटण्यालाच गोडी म्हणणारी ही भाषा कोणा पंडिताने घडवलेली नाही!

परंतु या गोडीला मोल पडते. उंची वाइनसाठी वेलीवर घड मोजकेच ठेवावे लागतात, पाणीही हात राखून द्यावे लागते. तेव्हा कुठे रस दाट उतरतो. म्हणजे वजन घटते, आणि मळेवाल्याचे पोट तर वजनावर! 2001 साली महाराष्ट्राने वाइन-उद्योगाला उत्तेजन देणारे धोरण आखले. पेल्यातल्या नजाकतीचे कौतुक होऊ लागले. ते व्हावेच, पण कमी पिकवण्याचे धैर्य ज्याने दाखवले, त्याच्या पदरात भावाचे माप पुरते पडायला हवे.

आपण पणत्या लावतो त्या दिवसांत तिकडे छाटलेल्या काड्यांवर कोवळे फुटवे असतात. अवकाळी पाऊस लागून राहिला, की त्यांच्यावर ‘केवडा’ पडतो. नाव सुगंधी, पण रोग बुरशीचा. वर्षाची गोडी नासवणारा. वाचकहो, यंदा फराळाला बसताना त्या फुटव्यांवरचे आभाळ कोरडे राहो, एवढे मागणे मागू या.