फुटपाथवरचा माणूस : चार नावे

दिवाळीच्या आधी पहाटे दादरच्या फुलबाजाराजवळून गेलो की फुटपाथवर झेंडूची तोरणे ओवत बसलेल्या बायका दिसतात. त्यांतली एक तिथेच राहत असे. स्टोव्ह, चार भांडी आणि वर प्लॅस्टिकचा कागद, एवढाच तिचा संसार. सोबतचा मित्र एकदा म्हणाला, "ही भिकारी माणसं येतात तरी कुठून?" तिच्या हातातली सुई त्याला दिसली नव्हती. खरे सांगायचे तर त्याआधी कित्येक वर्षे मलाही दिसली नव्हती. बेघरांविषयीची धोरणे वाचताना हा प्रसंग पुनःपुन्हा आठवला. आपण अशा माणसाला ज्या नावाने ओळखतो, त्यावर सरकारचे कोणते खाते त्याच्याकडे येणार हे ठरते.

पहिले नाव 'भिकारी'. 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यातली व्याख्या हात पसरणाऱ्यापुरती नाही. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भीक मागून जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी वावरणारा माणूसही तीत बसतो. गाणे, भविष्य सांगणे, इतकेच काय, वस्तू विकायला पुढे करणे हाही भिकेचा बहाणा ठरू शकतो. लोकसाहित्यात आपण ज्यांचे कौतुक करतो ते वासुदेव आणि पिंगळेही त्यातून सुटत नाहीत. पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. पहिल्या खेपेला 1 ते 3 वर्षे भिक्षेकरीगृहात, पुढे 10 वर्षांपर्यंत. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली त्यातल्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, पण तो निकाल दिल्लीपुरता होता.

दुसरे नाव 'अतिक्रमण'. 1981 च्या जुलैत मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने 1985 साली म्हटले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. ही माणसे कामाच्या जवळ राहता यावे म्हणून फुटपाथवर राहतात. मात्र त्याच निकालाने फुटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला. 1976 च्या गणनेची ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा आणि पावसाळा संपल्यानंतर महिनाभर, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंतची सवलत, एवढे पदरात पडले. तत्त्व जिंकले, झोपड्या मात्र हरल्या.

तिसरे नाव 'बेघर'. 2010 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे मोठ्या शहरांत निवारे उभारणे सरकारांना भाग पडले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानेही निकष ठेवला : दर लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांसाठी कायम निवारा. आता हिशेब करून पाहू. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती. म्हणजे सारे निवारे उभे राहिले तरी जागा साधारण 12,400. त्याच जनगणनेत मुंबईत बेघर म्हणून नोंदले गेलेले लोक 57 हजारांच्या आसपास. किमान निकष तंतोतंत पाळला तरी पाचांपैकी चौघे उघड्यावरच. शिवाय तोरणे ओवणाऱ्या बाईला निवारा बाजारापासून लांब मिळाला, तर पहाटेचे काम बुडते. निकष ठरवताना डोकी मोजली गेली; ती माणसे कुठे आणि किती वाजता कामाला जातात, हे त्या आकड्यात येत नाही.

चौथे नाव फारसे कुणाला ठाऊक नसते : 'मतदार'. बेघर माणसाने नोंदणीचा अर्ज केला, तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री तिथे जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का हे पाहावे, एकाहून अधिक रात्री पाहावे, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. खात्री पटली की पत्त्याचा पुरावा लागत नाही. झोपण्याची जागा हाच पत्ता, हे सरकारचे एक अंग मान्य करते. मग शिधापत्रिका किंवा शाळाप्रवेश यांसाठी तोच पत्ता अपुरा का पडावा?

याचे उत्तर सगळे सरकारकडेच आहे असे मला वाटत नाही. गाडी येते ती बहुधा कुणाच्या तरी तक्रारीवरून. आमच्या सोसायटीनेही असा अर्ज एकदा दिला होता आणि खाली माझी सही होती. विषयाच्या ओळीत 'अतिक्रमण' लिहिले होते. आठवड्याभरात फुटपाथ मोकळा झाला. तिथे 'बेघर कुटुंब' असे लिहिले असते तर तो अर्ज कोणत्या टेबलावर गेला असता, हे तेव्हा आमच्यापैकी कुणी विचारले नाही.